४२९४९६७२९७ (पाचवी फेर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी संयुक्त संख्या. २^(२^न) + १ या रूपाच्या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. न = ० ते ४ घेतल्यास ३, ५, १७, २५७ व ६५५३७ या मूळ संख्या मिळतात. न = ५ ला ही साखळी तुटते : ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. दोन्ही अवयव मूळ आहेत.

या रूपाच्या सर्व संख्या मूळ असाव्यात, असे मत पीएर द फेर्मा यांनी १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडले. १६५४ मध्ये पास्काल यांना लिहिताना सिद्धता हाती नसल्याचे ते मान्य करतात. १६५९ च्या पत्रात मात्र ती मिळाल्याचा दावा आहे, असे काही अभ्यासक मानतात. त्या मजकुराचा अर्थ वादग्रस्त आहे. खरे कोडे वेगळेच आहे : ६४१ हा भाजक फेर्मा यांच्या नजरेतून सुटला कसा? २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे फेर्मा यांनी १६४० मध्येच शोधले होते, तेही संभाव्य भाजकांचे रूप आधी ठरवून. तीच रीत येथे लावली, तर मूळ भाजक ६४क + १ याच रूपाचा असावा लागतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच भागाकार. ते त्यांनी केले असावेत व एखाद्यात चूक राहिली असावी, हा तर्क अधिक पटतो.

गोल्डबाख यांनी डिसेंबर १७२९ मध्ये पत्राने ऑयलर यांचे या प्रश्नाकडे लक्ष वेधले. ऑयलर यांनी ६४१ हा अवयव १७३२ च्या सुमारास मांडलेल्या (छापील १७३८) निबंधात दिला. भाजकांच्या रूपाची सिद्धता त्यांच्या नंतरच्या लेखनात येते. पुढे ल्यूका यांनी हे रूप १२८क + १ असे आणखी आवळले.

पडताळा आज दोन ओळींत होतो. ६४१ = ५ × २^७ + १ = ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून ५^४ × २^२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ घेता येतो. म्हणून २^३२ ची बाकी −१ ठरते, आणि १ मिळवताच पूर्ण भाग जातो. इतकी सुबक सिद्धता अंकगणितात क्वचितच आढळते.

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेने दोन प्रकारे लिहिता येते : ६५५३६^२ + १^२ आणि ६२२६४^२ + २०४४९^२. मूळ संख्येला असे दोन प्रकार संभवत नाहीत, त्यामुळे अवयव न काढताही ती संयुक्त ठरते. तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही संख्या म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. गौस यांच्या सिद्धांतानुसार तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी व कंपासने काढता येते. खुद्द ४२९४९६७२९७ बाजूंची काढता येत नाही.

अमेरिकेतील बालगणिती झेरा कोलबर्न याने १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये हे अवयव तोंडी सांगितल्याची नोंद आहे. पुढची फेर्मा संख्याही संयुक्त निघाली. तिचे अवयव लँड्री यांनी १८८० मध्ये काढले.