बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालय व करमणूक बाग, मँचेस्टर

बेल व्ह्यू : इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या पूर्वेस, गॉर्टन व लाँगसाइट या कामगार वस्त्यांच्या दरम्यान असलेली एके काळची विख्यात बाग. १८३६ साली सुरू झालेल्या या बागेत प्राणिसंग्रहालय, तळी, नाचघर, आतषबाजी, सर्कस, रोलर कोस्टर आणि कुत्र्यांच्या व मोटरसायकलींच्या शर्यती असे सगळे एकाच आवारात नांदत होते. ऐन भरभराटीत तिचा पसारा १६५ एकरांवर गेला होता. वर्षाकाठी वीस लाखांहून अधिक माणसे येत; त्यांतली अडीच लाखांपर्यंत तर एकट्या ईस्टरच्या सुटीत. मँचेस्टर म्हटले की मराठी वाचकाला गिरण्या आणि कापड आठवते. ते सूत कातणारी, ते कापड विणणारी माणसे सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कुठे जात असतील, या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर जवळजवळ दीडशे वर्षे बेल व्ह्यू हे होते.

बागेचा संस्थापक जॉन जेनिसन हा मूळचा माळीकाम करणारा. स्टॉकपोर्टजवळ त्याची एक छोटी बाग होती, तिथे पक्षी ठेवून तो लोकांना दाखवत असे. १८३६ च्या जूनमध्ये त्याने मँचेस्टरच्या हाइड रोडवरील बेल व्ह्यू नावाचे मद्यगृह आणि त्याभोवतीची सुमारे ३६ एकर मोकळी जमीन आधी सहा महिन्यांच्या बोलीने घेतली आणि मग ९९ वर्षांचा भाडेपट्टा केला. सगळा संसार एका हातगाडीवर आणि पोपटांचे पिंजरे हातात, असे जेनिसन कुटुंब इथे आल्याची कथा सांगतात. त्याच सुमारास ब्रॉटन भागात प्रतिष्ठित मंडळींनी भागभांडवल उभारून ‘मँचेस्टर झूऑलॉजिकल गार्डन्स’ थाटले होते. ते १८३८ मध्ये उघडले आणि १८४२ मध्ये बंदही पडले. त्यांतले काही प्राणी जेनिसनने घेतले. वास्तविक त्या वर्षी तो स्वतःही कर्जात बुडाला होता. प्रकरण दिवाळखोरीपर्यंत गेले, पण धनकोंनी मुदत दिली आणि बाग वाचली.

या प्रसंगाचा ठसा पुढच्या सगळ्या कारभारावर दिसतो. जेनिसन कुटुंबाने होता होईल तेवढे सगळे घरीच करायचे धोरण ठेवले. बांधकामाच्या विटा आवारातल्याच मातीच्या, बीअर स्वतःच्या भट्टीतली, दिव्यांचा गॅस स्वतःच्या कारखान्यातला, शोभेची दारूसुद्धा घरची. तळ्यांसाठी खणलेली माती विटांच्या कामी येई आणि विटांसाठी खणलेल्या खड्ड्यांची तळी होत. बागेचा हा घरगुती बाणा मला तिच्या इतिहासातला सर्वांत लक्षणीय भाग वाटतो. जेनिसन आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी प्राण्यांवरचा खर्च कधी वेगळा तोलला नाही. वाघाच्या मांसाचे पैसे बीअरच्या विक्रीतून निघत आणि बीअर विकली जाई ती वाघ पाहायला आलेल्या लोकांना.

लोक येऊ लागले ते दोन कारणांनी. एक म्हणजे आगगाडी. १८४२ मध्ये लाँगसाइटचे स्थानक झाले आणि १८७५ मध्ये बेल व्ह्यू नावाचेच स्थानक झाले. लँकशायर-यॉर्कशरमधल्या गिरण्यांच्या सहली खास गाड्यांनी थेट बागेच्या दारात उतरू लागल्या. दुसरे कारण शनिवारची अर्धी सुटी. १८५० च्या कारखाने कायद्याने स्त्रिया व किशोरवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक गिरण्याही थांबू लागल्या. उरलेली दुपार आणि संध्याकाळ कुठे घालवायची, हा कामगारांना पहिल्यांदाच पडलेला प्रश्न होता. जेनिसनने त्यांच्यापुढे चक्रव्यूह, बोटींची तळी, चहाची दालने आणि हजारो माणसे एका वेळी नाचू शकतील असे लाकडी चौथरे ठेवले.

सर्वांत मोठे आकर्षण मात्र आतषबाजीचे. १८५२ मध्ये जॉर्ज डॅन्सन या देखावे रंगवणाऱ्या चित्रकाराने तळ्याच्या बेटावर ‘अल्जीयर्सवरील तोफमारा’ उभा केला. त्यासाठी रंगवलेला पडदा ३०,००० चौरस फुटांचा होता. अंधार पडला की पाण्याच्या अलीकडे प्रेक्षक, पलीकडे कॅनव्हासवरचे सबंध शहर. गणवेश चढवलेली आसपासची माणसे सैनिक होऊन धावत, बंदुका वाजत, तोफांचा धूर पाण्यावर पसरे आणि शेवटी बाणांच्या व भुईनळ्यांच्या लखलखाटात शहर पडे. दरवर्षी नवा विषय, नवा पडदा. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या आणि चित्रपट अजून माहीत नसलेल्या लोकांनी साम्राज्याची युद्धे इथेच ‘पाहिली’, आणि अर्थातच ती जिंकणाऱ्याच्या बाजूने पाहिली. ही परंपरा १९५६ पर्यंत, म्हणजे शंभरावर वर्षे चालली.

१८५३ च्या सप्टेंबरात इथे ब्रास बँडची स्पर्धा भरली. आठ बँड आले आणि ते ऐकायला सुमारे १६,००० लोक जमले. मॉस्ली गावच्या मद्यपानविरोधी मंडळाचा बँड पहिला आला. गिरण्या-खाणींत राबणाऱ्या हातांनी वाजवलेले हे संगीत होते आणि त्यांच्या दृष्टीने बेल व्ह्यू म्हणजे पंढरी. ही स्पर्धा पुढे ‘ब्रिटिश ओपन’ म्हणून नावारूपाला आली आणि आजही दुसऱ्या शहरात भरते.

प्राण्यांमध्ये सर्वांत गाजला तो ‘महाराजा’ नावाचा आशियाई हत्ती. १८७२ च्या एप्रिलमध्ये एडिंबरा येथे वूमवेल यांच्या फिरत्या प्राणिप्रदर्शनाचा लिलाव झाला, तेव्हा संस्थापक जॉनचा मुलगा जेम्स जेनिसन याने त्याला ६८० पौंडांना विकत घेतले. त्याला आगगाडीने आणायचे ठरले होते. वेव्हरली स्थानकावर त्याला डब्यात चढवले आणि त्याने डब्याचे छप्परच फोडून काढले. मग त्याचा रखवालदार लोरेंझो लॉरेन्स याने सरळ चालायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या राजधानीपासून मँचेस्टरपर्यंत सुमारे २०० मैल, दहा दिवस, एक माणूस आणि एक हत्ती. वाटेत प्रत्येक गावात त्यांना पाहायला गर्दी लोटली. एका टोलनाक्यावर हत्तीचा टोल किती यावरून वाद चालू असताना महाराजाने फाटकच उचलून बाजूला केले, अशी आख्यायिका आहे. चित्रकार हेवूड हार्डी याने १८७५ मध्ये या प्रसंगाचे चित्र काढले. घटना खरी असो वा रचलेली, त्या चालण्याने बेल व्ह्यूला जी प्रसिद्धी मिळाली ती कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती. महाराजा पुढे दहा वर्षे बागेत राहिला, मुलांना फेऱ्या मारून आणत असे, मिरवणुकीत शोभे. १८८२ मध्ये तो न्यूमोनियाने गेला.

१८९३ मध्ये आणलेल्या ‘कॉन्सल’ या चिंपांझीची कथा वाचताना आज मन अवघडते. त्याला कोट-टोपी घालत, हातात पाइप देत, तो सायकल चालवी. पुढच्याच वर्षी तो मेला, तेव्हा बेन ब्रायर्ली या लँकशायरी बोलीतल्या लेखकाने त्याच्यावर शोककविता लिहिली. लोकांचे त्याच्यावर मनापासून प्रेम होते, यात शंका नाही. पण ते प्रेम त्याने माणसासारखे वागावे या अटीवरचे होते. माकडाला माकड म्हणून, सिंहाला सिंह म्हणून पाहण्याची सवय त्या काळच्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांना नव्हती आणि बेल व्ह्यूला ती अखेरपर्यंत पुरती लागली नाही.

१९२५ मध्ये जेनिसन घराण्याने बाग अडीच लाख पौंडांना विकली. नव्या कंपनीच्या करमणूक विभागाची सूत्रे जॉन हेन्री आइल्स याच्याकडे आली. १८९८ मध्ये बेल व्ह्यूची ब्रास बँड स्पर्धा ऐकून हाच माणूस इतका भारावला होता की त्याने पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. आता त्याने बागेत मोठमोठी यांत्रिक खेळणी आणली. १९२९ मध्ये उभा राहिलेला ‘बॉब्ज’ हा लाकडी रोलर कोस्टर मँचेस्टरच्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत आहे. बोलीभाषेत शिलिंगला ‘बॉब’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. २४ जुलै १९२६ रोजी बेल व्ह्यूच्या मैदानावर ब्रिटनमधली यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांची पहिली नियमित शर्यत झाली. पहिल्या रात्री १,७०० प्रेक्षक होते, दुसऱ्या खेळाला १६,०००. मग स्पीडवेच्या, म्हणजे लंबगोल मातीच्या धावपट्टीवर शर्यती खेळणाऱ्या, मोटरसायकली आल्या आणि ‘बेल व्ह्यू एसेस’ हा संघ घराघरांत पोचला. बागेतल्या किंग्ज हॉल या मोठ्या सभागृहात नाताळची सर्कस, मुष्टियुद्ध आणि राजकीय सभा होत. दुसऱ्या महायुद्धात शहरातले फ्री ट्रेड हॉल हे संगीतसभागृह बॉम्बने उद्ध्वस्त झाल्यावर जॉन बार्बिरोली याच्या दिग्दर्शनाखालचा मँचेस्टरचा हॅले वाद्यवृंदही इथेच वाजवू लागला. सर्कशीच्या रिंगणात सिंफनी ऐकायला हजारो कामगार बसत. बाहेर १९२१ मध्ये मलायातून आलेली ‘लिल’ ही हत्तीण, तिच्याबरोबर आलेल्या फिल फर्नांडिसच्या देखरेखीखाली, पाठीवर मुलांना फिरवत असे. पस्तीस वर्षे तिने हेच काम केले.

मात्र याच काळात प्राणिसंग्रहालय बागेच्या केंद्रातून कडेला सरकत गेले. १९३३ पासून जेराल्ड आइल्स याने अधीक्षक म्हणून त्यात जीव ओतला, युद्धाच्या टंचाईतही ते उघडे ठेवले. पण मूळ इमारती व्हिक्टोरियन काळातल्या, गजांच्या आणि अरुंद. लहानपणी बेल व्ह्यू पाहायला आलेल्या जॉर्ज मॉटर्सहेड या मुलाच्या मनात हे गज रुतून बसले होते. त्याने १९३१ मध्ये चेस्टरजवळ गजांऐवजी खंदकांनी वेढलेले प्राणिसंग्रहालय सुरू केले. ते तासाभराच्या अंतरावर होते. ज्याला प्राणी पाहायचे आहेत तो हळूहळू चेस्टरला जाऊ लागला.

१९५६ मध्ये बाग लेस्ली जोसेफ व चार्ल्स फोर्टे या उद्योजकांच्या हाती गेली. १७ जानेवारी १९५८ च्या रात्री मोठी आग लागून नाचघर व आसपासच्या इमारती भस्मसात झाल्या. १९६३ मध्ये सगळा कारभार फोर्टे यांच्या उद्योगसमूहात विलीन झाला. आता बागेच्या प्रत्येक विभागाला आपापला हिशेब द्यावा लागे, आणि अशा हिशेबात हत्तीची बाजू नेहमीच लंगडी पडते. त्यातच भोवतालचे शहर बदलत होते. गॉर्टनमधला बायर, पीकॉक कंपनीचा, भारतासह अनेक देशांना रेल्वे इंजिने पुरवणारा कारखाना १९६६ मध्ये बंद पडला. गिरण्या मिटत गेल्या, जुन्या चाळवजा वस्त्या पाडून माणसे दूर हलवली गेली. ज्यांच्याकडे पैसा आला त्यांच्याकडे मोटार आली, दूरचित्रवाणी आली आणि परदेशच्या समुद्रकिनाऱ्यांची स्वस्त तिकिटेही आली. १९७० च्या मोसमानंतर बॉब्ज थांबला आणि मग पाडला गेला.

प्राणिसंग्रहालयाला वर्षाला सुमारे एक लाख पौंडांचा तोटा होतो, असे कारण देऊन ११ सप्टेंबर १९७७ रोजी ते कायमचे बंद केले. प्राणी इतर संग्रहालयांना विकायला पुढे बराच काळ लागला. एलिमे नावाच्या हत्तिणीला मात्र कुणी चटकन घेईना, कारण ती धोकादायक म्हणून ओळखली जाई. बाग रिकामी होत गेली तरी तिचा रखवालदार तिच्यापाशी राहिला. नवी जागा ठरेपर्यंत ती आजारी पडली आणि बेल व्ह्यूच्याच जमिनीवर तिचा शेवट झाला. १९८० मध्ये बागेतले पाळणे व यांत्रिक खेळणी बंद झाली. त्याच वर्षी दक्षिणेकडे ऑल्टन टॉवर्स या करमणूक बागेने आपला पहिला मोठा रोलर कोस्टर सुरू केला. १९८२ पर्यंत किंग्ज हॉलही मिटला आणि जागा मोटारींचा लिलाव करणाऱ्या कंपनीला विकली गेली.

आज तिथे घरे आणि लिलावाचे आवार आहे. कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान २०२० पर्यंत तग धरून होते. स्पीडवेचा संघ मात्र २०१६ मध्ये जवळच बांधलेल्या मैदानावर अजून धावतो, बेल व्ह्यूच्याच नावाने. जेनिसन घराण्याचे कागद, भित्तिपत्रके व छायाचित्रे मँचेस्टरच्या चेटम ग्रंथालयात जपली आहेत. महाराजाचा सांगाडा आधी बागेतच मांडलेला होता. १९४१ मध्ये तो मँचेस्टर म्युझियमला देण्यात आला आणि तिथे तो अजून उभा आहे.