होम थिएटर घेताना पैसे आधी कुठे घालावेत?

दुकानात येणारी बहुतेक मंडळी सुरुवातीलाच विचारतात, "किती वॉटचा आहे?" आमच्या मते आधी विचारावं ते हे, की पात्रांचं बोलणं नीट ऐकू येईल का. जुना सेट बदलायला आलेल्यांची तक्रारही नेमकी हीच असते : "भाऊ, आवाज तर मोठा येऊन राहिला, पण बोललेलं समजून नाही राहिलं."

५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला सेंटर, बाजूंना दोन सराउंड, आणि '.१' म्हणजे फक्त खर्जासाठीचा सबवूफर. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात. स्वस्त सेटमध्ये मात्र सगळ्यात हलका स्पीकर अनेकदा तोच असतो, आणि नजरेत भरतो तो लुकलुकत्या दिव्यांचा सबवूफर. म्हणून बजेट बेताचं असेल तर सहाही स्पीकर एकदम घेऊ नका. ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि समोरची एक चांगली जोडी घ्या. सेंटर जोडलेला नाही असं रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये नोंदवलं की संवाद या दोघांत वाटला जातो, आणि बरोबर मध्ये बसलेल्याला तो पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. पुढे सवडीने त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला सेंटर घ्या, मग सबवूफर. सराउंड सगळ्यात शेवटी. रिसीव्हरही परवडत नसेल तर वेगळा सबवूफर असलेला साउंडबार घ्या. फक्त त्याला पुढे हवे ते स्पीकर जोडता येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

नागपुरात हे जास्तच महत्त्वाचं, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हॉलच्या खिडकीत कूलर असतो. त्याच्या सततच्या घरघरीत हळू बोललेले शब्द बुडतात. मग आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच मारामारीला घरातले सगळे दचकतात. अशा घरात सेंटर चांगला हवा, शिवाय रिसीव्हरमधून फक्त सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवून ठेवावी. कूलरचा झोत स्पीकरवर येऊ देऊ नका. ओलसर हवेने स्पीकरचं एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुश्याचं) खोकं फुगतं, आतला थरथरून आवाज काढणारा कागदी कोनही खराब होतो.

आता वॉट. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारोंचा आकडा असेल तर तो सोडून द्या. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद बघा, आणि त्याच्यासोबत स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ते. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ९० डेसिबलच्या स्पीकरला जेवढी ताकद लागते, तेवढ्याच आवाजासाठी ८७ च्या स्पीकरला दुप्पट लागते. नेहमीच्या हॉलला चांगल्या स्पीकरचे ५० खरे वॉटही भरपूर होतात.

खोलीचाही विचार करा. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, सरकत्या काचा : अशा हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. घुमली, तर संवादही तसाच घुमणार. जाड पडदे आणि सोफ्यासमोर सतरंजी एवढ्यानेही फरक पडतो, आणि नवा स्पीकर घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर सराउंड मागे लावायची धडपड नको. बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा फूट-दोन फूट वर लावा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जोर वाढतो, पण बऱ्याचदा नुसतं घुमतं. तो तात्पुरता सोफ्यावर ठेवून गाणं लावा आणि खोलीत भिंतीकडेने वाकून फिरा. जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल, ती त्याची जागा. फ्लॅटमध्ये हाच खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात जातो, म्हणून रात्री सबवूफर कमी करून रिसीव्हरचा नाइट मोड लावा. मोठे आवाज दबतात, बोलणं ऐकू येत राहतं.

वायर शुद्ध तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची घ्या. टोक खरवडल्यावर आत पांढरट निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. जोडताना एखाद्याच स्पीकरचं लाल-काळं उलटं झालं तर खर्ज पातळ होतो. टीव्हीवर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारी जोडणी) असेल तर तीच वापरा आणि टीव्हीचा ऑडिओ 'पीसीएम'वर नाही ना, हे तपासा. बऱ्याच टीव्हींवर त्या सेटिंगला ५.१ रिसीव्हर घेऊनही दोनच चॅनेल मिळतात.

दुकानात येताना हॉलची लांबी-रुंदी, सोफा ते टीव्ही अंतर आणि टीव्हीच्या मागच्या पोर्टचा फोटो आणा. ऐकून बघायला मारामारीचा नव्हे, दोन माणसं हळू बोलतात असा तुमच्या ओळखीचा प्रसंग सांगा. आमच्याकडचा पंखा चालू ठेवूनच तो ऐकवू.