शिंपले तळ्यात सोडले की वंश वाचतो?

नदीपात्रात काम निघालं की सल्ला ठरलेला: गोड्या पाण्यातले शिंपले टोपलीभर उचला, तळ्यात सोडा, आपोआप वाढतील. वाढत नाहीत. मादी सोडते ती अळी जेमतेम पाव मिलिमीटरची. तिला काही दिवस ते आठवडे माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काढावे लागतात, आणि मासाही मानवणाराच हवा. तळ्यात तो असेलच असं नाही; नदीतही वसंत बंधाऱ्याच्या (पाणी अडवणाऱ्या छोट्या बांधाच्या) फळ्या चढल्या की तो मासा वर येत नाही. अळ्या मरतात, म्हातारे शिंपले मात्र वर्षानुवर्षं जगतात. म्हणूनच हा समज टिकलाय!

हलवावेच लागले तर म्हादई नदीतले म्हादईतच, ओल्या गोणपाटात, सावलीतून न्यावेत. पायाची बाजू (शिंपल्याचा मांसल पाय बाहेर येतो ती) खाली ठेवून निम्म्याहून अधिक वाळूत रोवावेत. गाळाचा डोह टाळावा, पिल्लं गुदमरतात. भरतीचं खारं पाणी पोचतं तिथे तर नकोच.