उन्हाळी इंजिनिअरिंग डिझाइन स्पर्धा : अर्ज कुठे अडतो आणि कोणते कागद आधी हातात हवेत

विद्यार्थ्यांच्या टीमने यंत्र स्वतः बनवायचं आणि ठरलेल्या मैदानावर चालवून दाखवायचं, अशा स्पर्धा साधारण मे ते ऑगस्टमध्ये होतात. अमेरिकेत युटाच्या वाळवंटातली, मंगळावर चालतील अशा रोव्हर गाड्यांची युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज, अमेरिकेतलीच, डब्याएवढ्या उपग्रहाच्या नमुन्यांची कॅनसॅट, जर्मनीतली, रेसिंग कारची फॉर्म्युला स्टुडंट ही त्यातली ओळखीची नावं. मेहनती टीमसुद्धा यातून बाद होतात, आणि पुष्कळदा त्यांचं यंत्र परीक्षकांनी पाहायच्या आतच. कारण एखादा कागद.

नोंदणी सोपी आहे. खातं उघडा, टीम, कॅप्टन आणि गाईड यांची माहिती द्या, फी भरा, पावती जपून ठेवा. बस.

पहिली अडचण येते ती ‘विद्यार्थी’ असल्याच्या पुराव्याची. स्पर्धा उन्हाळ्यात, आणि शेवटच्या वर्षाची मुलं नेमकी तेव्हा ना धड कॉलेजात ना धड बाहेर. ओळखपत्राची मुदत संपलेली, निकाल लागलेला नाही, कार्यालय सुट्टीमुळे बंद. काही स्पर्धा याचा विचार करतात: फॉर्म्युला एसएई या अमेरिकेतल्या रेसिंग कारच्या स्पर्धेच्या नियमांनुसार स्पर्धेच्या आधीच्या ७ महिन्यांत पदवी पूर्ण केलेले सदस्य पात्र राहतात. पण ही सवलत सगळीकडे आहे असं गृहीत धरू नका, आपल्या स्पर्धेचं त्या वर्षाचं रूलबुक उघडून बघा. बोनाफाईड परीक्षेच्या आधीच काढून ठेवा. त्यावर अभ्यासक्रम, प्रवेशाचं वर्ष, अभ्यासक्रम संपण्याचा अपेक्षित महिना आणि ‘आजच्या तारखेस शिकत आहे’ हे चारही उल्लेख हवेत. ‘शिकत होता’ असा छापील नमुना हातात ठेवून पुढच्याला हाक मारणारी कार्यालयं आहेत. खिडकीवरून हलायच्या आधी कागद वाचा आणि चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. मुलांना ‘उद्या या’ म्हणताना आपण त्यांच्या वर्षभराच्या कामाशी खेळतोय, हे त्या खिडकीपलीकडे कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून सांगतो.

दुसरा कागद गाईडचं किंवा संस्थेचं पत्र. सही कुणाची चालेल हे नियमांत लिहिलेलं असतं. विभागप्रमुखांची मागितली असेल तर प्रयोगशाळेतल्या सरांची चालत नाही, सर कितीही जवळचे असोत. ज्या कागदावर दुसऱ्याची सही लागते त्याच्या मागे सगळ्यात आधी लागा. डिझाइन रिपोर्ट रात्र जागून पुरा होतो, रजेवर गेलेल्या माणसाची सही होत नाही. टीममध्ये १८ वर्षांखालचं कुणी असेल तर पालकांचं संमतीपत्र लागतं. त्यात वय अर्जाच्या दिवशीचं धरायचं की स्पर्धेच्या दिवशीचं, हे आयोजकांना ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

आता मुदत. ‘२३:५९’ एवढंच वाचून निश्चिंत होऊ नका, पुढे कुठली वेळ लिहिली आहे ते बघा. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. त्यानंतर जर्मनीतले २३:५९ म्हणजे यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) २१:५९, आधी ते २२:५९ असतात. जुना हिशेब धरून बसलेल्या टीमला पोर्टल तासभर आधीच बंद झालेलं दिसतं, आणि तिथं विनवण्या चालत नाहीत. शिवाय मुदत एकच नसते. नोंदणी, डिझाइन रिपोर्ट, व्हिडिओ आणि सदस्यांची अंतिम यादी यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. यादी बंद झाल्यावर नवं नाव घालणं फार अवघड.

खर्चाच्या तक्त्यातही टीम फसतात. फुकट मिळालेला सेन्सर, गेल्या वर्षीची मोटर यांच्यापुढे सरळ शून्य लिहितात. कॅनसॅटमध्ये १००० डॉलरची मर्यादा आहे आणि जुन्या वस्तूंचीही आजची बाजारभावाची किंमत त्यात धरावी लागते. दुसऱ्या स्पर्धेत हिशेब वेगळा असू शकतो, पण शून्य लिहिण्याआधी नियम वाचाच.

परदेशी जाणाऱ्यांनी बॅटरीचा कागद विसरू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात फक्त हातातल्या सामानात, टोकं झाकून न्यायच्या. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची लागते, त्यावरची प्रवाशाला नेता येत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करून बघा: ११.१ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ५५.५ वर येते, तर २२.२ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची थेट २२२ वर. मोठी असेल तर ती तिथेच मिळवायची सोय आधी करा. आणि निमंत्रणपत्र हातात आलं म्हणजे व्हिसा मिळाला असं नव्हे. अर्जातलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा, वडिलांच्या नावासकट.

नकाराचा ईमेल आला तर आधी नीट वाचा. ‘अपूर्ण’ आणि ‘अपात्र’ या वेगळ्या गोष्टी आहेत. अपूर्ण असेल तर त्याच ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या आणि मागितलेला तेवढाच कागद एका पीडीएफमध्ये जोडा. अपात्र ठरवलं असेल तर ज्या नियमाखाली ठरवलं त्याचा क्रमांक विचारा. तो नियम तुम्हाला लागू होत नसेल, तर रूलबुकमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवून, गाईडच्या सहीने, फेरविचाराची विनंती करा.