‘ब्र’ तर १९६६ मध्येच काढला होता

‘तोंडी तलाकविरुद्ध मुसलमानांतून कुणी ब्रसुद्धा काढला नाही, सगळं २०१९ च्या कायद्यानं केलं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खोटा आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर मोर्चा गेला. त्यात मुस्लिम बायका होत्या अवघ्या सात! पण मागणी स्वच्छ: तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. पुढाकार चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंचा. पुढे १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. समाजातून विरोध झाला, तोही कडवा. ते लपवायचं कारण नाही.

आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दमात तीनदा तोंडी तलाक देण्याची प्रथा रद्द ठरवली, त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्या शायरा बानो मुस्लिमच होत्या. इजिप्तनं तर एका दमात दिलेले तीन तलाक १९२९ मध्येच एक धरले होते.