शोकनायक : नायक की खलनायक?

शोकात्मिकेतील (ट्रॅजेडीतील) प्रमुख पात्राला शोकनायक म्हणतात. प्रतिष्ठेच्या स्थितीतून त्याची घसरण सुरू होते आणि ती मृत्यूपाशी किंवा सर्वनाशापाशी थांबते. वाटेत त्याच्या हातून अनेकदा भयंकर कृत्ये घडतात. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातील मीडिया पोटच्या मुलांना मारते, शेक्सपिअरचा मॅकबेथ घरी पाहुणा आलेल्या राजाचा झोपेत खून करतो. अशा पात्राला नायक म्हणावे की खलनायक, हा वाद त्यातूनच निघतो.

संज्ञा : वादाचा बराचसा भाग शब्दांनी निर्माण केला आहे. 'नायक' हा शब्द 'नी' (नेणे) या धातूपासून आला आहे. धनंजयाने दशरूपक या नाट्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात (दहावे शतक) नेत्याचे वर्णन 'नेता विनीतो मधुरस्त्यागी दक्षः प्रियंवदः' (नेता विनयशील, मधुर, त्यागी, दक्ष, गोड बोलणारा) असे सुरू केले आहे, म्हणजे सद्गुण व्याख्येतच आले. शिवाय कथेच्या फलाचा स्वामी तो नायक, अशी संस्कृत शास्त्राची धारणा आहे. शोकनायकाला फळ मिळतच नाही. प्रतिनायकाला, म्हणजे नायकाच्या शत्रूला, हेच शास्त्र लोभी, उद्धत, पापी व व्यसनी ठरवते. या चौकटीत मॅकबेथ बसवू गेल्यास तो दुसऱ्या खणात पडतो, यात नवल नाही.

ग्रीकांचा 'हिरोस' (इंग्रजी 'हीरो'चे मूळ) याहून वेगळा. तो थडग्यापाशी पूजला जाणारा मृत पुरुष. त्याने सदाचारी असायलाच हवे, अशी अट नव्हती. पाउसानियास या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकाराने अस्टिपॅलिया बेटावरील क्लिओमिडीस या मुष्टियोद्ध्याची हकिगत दिली आहे. ऑलिंपियात त्याने प्रतिस्पर्ध्याला ठार केले म्हणून बक्षीस नाकारले गेले. तो भ्रमिष्ट होऊन गावी परतला आणि त्याने पाठशाळेचा खांब ओढला. छप्पर कोसळून साठ मुले मेली. लोक दगड घेऊन मागे लागले, तेव्हा तो अथीनाच्या मंदिरातील पेटीत शिरला. पेटी फोडली तर आत कोणीच नव्हते. डेल्फीच्या देववाणीने सांगितले, त्याची पूजा करा, तो शेवटचा हिरोस आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने मात्र शोकात्मिकेच्या प्रमुख पात्रासाठी हा शब्द पारिभाषिक अर्थाने वापरलेला नाही. 'प्रोटॅगोनिस्ट' म्हणजे पहिला नट. त्यात गुणदोषांचा निवाडा नाही.

हामार्तिया : ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील (इ. स. पू. चौथे शतक, नेमका काळ अनिश्चित) तेराव्या प्रकरणात हा प्रश्न बराचसा सोडवलेला आहे. सर्वस्वी सज्जन माणसाचा नाश पाहून किळस येते. दुष्टाचा नाश पाहून न्याय झाल्याचे समाधान मिळेल, पण करुणा वा भय वाटणार नाही. म्हणून उरतो तो मधला माणूस, जो दुष्टपणामुळे नव्हे तर 'हामार्तिया'मुळे पडतो. या एका शब्दावर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले आहेत. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे. होमरच्या काव्यात फेकलेला भाला चुकतो तेव्हा तेच क्रियापद येते. बायबलच्या नव्या करारात हाच शब्द 'पाप' या अर्थी आला. एकोणिसाव्या शतकात 'स्वभावातील दोष' हा अर्थ रूढ झाला आणि वर्गांतून अजून तोच शिकवला जातो. काव्यशास्त्राचा इंग्रजी अनुवादक बायवॉटर याने १९०९ मध्ये 'निर्णयातील चूक' असा अनुवाद केला. ब्रेमर या अभ्यासकाचा १९६९ मधील ग्रंथही 'चूक' याच अर्थाच्या बाजूचा आहे. स्टिंटन या अभ्यासकाने १९७५ मध्ये शब्दाची व्याप्ती मोठी मानून नैतिक ढिलाईलाही जागा ठेवली. काव्यशास्त्राच्या चौदाव्या प्रकरणात अजाणता केलेल्या कृत्यावर जो भर आहे, तो पाहता 'चूक' हाच अर्थ मुख्य धरावा. सोफोक्लीसच्या नाटकातील राजा ईडिपस बापाला मारतो तेव्हा तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याचा राग हा दोष असेल, पण नाश त्या रागाची शिक्षा नाही.

मॅकबेथचे प्रकरण कठीण आहे, कारण त्याला सगळे ठाऊक आहे. खून करण्याआधी तो स्वतःच त्याविरुद्धची कारणे मोजतो. शेक्सपिअरचे समीक्षक ब्रॅडली यांनी (१९०४) त्याच्या कल्पनाशक्तीवर आणि सद्सद्विवेकाच्या यातनांवर बोट ठेवले. तो खुनी आहे, तरी शोकात्मिकेचा नायकही आहे. या दोन विधानांत विरोध नाही.

भारतीय परंपरा : दशरूपकात मुख्य पात्राचा वध निषिद्ध आहे. म्हणून ऊरुभंग या संस्कृत नाटकाचे महत्त्व मोठे. टी. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध केलेल्या तेरा नाटकांपैकी हे एक. ती सर्व प्राचीन नाटककार भासाचीच का, यावर एकमत नाही. येथे दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. लहानगा दुर्जय सवयीने बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला थांबवावे लागते. द्यूतसभेत द्रौपदीला दाखवलेली ती मांडी प्रेक्षक विसरलेला नसतो, तरीही घसा दाटतो. दुर्योधनाला नायक मानू नये असे म्हणणारे अभ्यासक आहेत. नाटकाची रचना त्यांच्या बाजूने बोलत नाही.

मराठी रंगभूमी : देवलांनी ऑथेल्लोवरून केलेला झुंझारराव (१८९०) फसवला गेलेला, म्हणून ॲरिस्टॉटलच्या कल्पनेला जवळचा. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला नाटकातील सुधाकर तसा नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर होते. सुधाकर हुशार वकील, मानी आणि अपमान न सोसणारा. पहिला पेला तळीरामाच्या आग्रहाने येतो, म्हणून खलपुरुषाची जागा तळीरामाला देऊन सुधाकराला मोकळे करण्याची प्रवृत्ती दिसते. पण पुढचे पेले सुधाकराचेच आहेत. एकदा जडलेली दारू सुटत नाही, हे मित्र रामलालला समजावून सांगणाराही तोच. बायको आणि तान्हे मूल त्याच्याच हाताने जातात आणि अखेरीस तो विष घालून शेवटचा पेला घेतो. नाटकाला मद्यपाननिषेधाचा प्रचार मानणाऱ्यांना तो केवळ दृष्टांताचा नमुना वाटतो. परंतु आपण कुठे चाललो आहोत हे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारा आणि तरीही त्याच वाटेने जाणारा माणूस मराठी नाटकात त्याआधी क्वचितच दिसला होता.