स्कॅनमध्ये दडलेली पोकळी शोधताना: वेव्हलेट फिल्टरबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

"स्कॅन झालाय, हजारभर स्लाइस आहेत, एकेक उघडून पाहिली. काहीतरी आहे असं वाटतं, पण बोट ठेवून सांगता येत नाही." काम घेऊन येणारे बहुतेक जण आम्हाला हेच सांगतात. तुमच्या डेटाचं आम्ही नेमकं काय करतो, आमच्या कोणत्या निकालावर विसंबायचं आणि कुठे आम्हालाच उलट विचारायचं, हे काम सोपवण्याआधी तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे पत्रक.

स्लाइस नव्हे, ठोकळा

औद्योगिक सीटी स्कॅन असो, कॉन्फोकल मायक्रोस्कोपची प्रतिमा असो की भूकंपलहरींवरून काढलेलं जमिनीच्या पोटातलं चित्र असो, हाती येतो तो आकड्यांचा एक ठोकळा. त्यातला प्रत्येक आकडा एका इवल्या घनाचा, म्हणजे व्हॉक्सेलचा असतो. ठोकळ्याची प्रत्येक बाजू ५१२ व्हॉक्सेलची धरली, तर एकूण आकडे होतात सुमारे १३ कोटी ४२ लाख. पडद्यावर मात्र आपण एका वेळी एकच स्लाइस, म्हणजे ठोकळ्याचा एक पातळ काप, बघतो. आठ व्हॉक्सेल रुंदीची पोकळी सात-आठ स्लाइसमध्ये थोडी थोडी उमटलेली असते, पण प्रत्येक स्लाइसमध्ये ती नॉइजच्या, म्हणजे आकड्यांतल्या यादृच्छिक चढउतारांच्या, दाणेदारपणात बुडालेली असते. त्या सात-आठ पुसट खुणा एकत्र जोडून बघणं डोळ्याला जमत नाही. संगणकाला जमतं, पण त्याला ठोकळा अख्खा द्यावा लागतो.

फिल्टर काय करतो

वेव्हलेट म्हणजे एक छोटीशी लाट, जिथे उठते तिथेच विरणारी. ही कल्पना रुजली ती तेलशोधाच्या कामातून. फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञ जाँ मोर्ले यांना जमिनीतून परतणाऱ्या लहरींमध्ये कोणती खूण केव्हा आली आणि ती किती बारीक आहे, हे दोन्ही एकदम हवं होतं. १९८४मध्ये त्यांनी अलेक्झांडर ग्रॉसमन यांच्यासोबत या पद्धतीची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. आम्हालाही तेच दोन प्रश्न पडतात: वस्तू कुठे आहे, आणि केवढी आहे.

आम्ही वापरतो त्या फिल्टरची एक फेरी अगदी जवळून बघा. एका ओळीत सगळे व्हॉक्सेल १०० किमतीचे आहेत आणि मधला एकच १८० आहे. प्रत्येक जागी आपण भारित सरासरी काढतो: स्वतःला ६ वाटे, लगतच्या दोघांना ४-४, त्यांच्या पलीकडच्या दोघांना १-१, असे एकूण १६. मधल्या जागी उत्तर येतं १३०, त्याच्या शेजारी १२०, त्याच्या पुढे १०५. आता मूळ आकड्यातून ही सरासरी वजा करा. मध्ये उरतात ५०, दोन्ही बाजूंना उणे २०, त्यापुढे उणे ५. या सगळ्यांची बेरीज शून्य. हाच वेव्हलेटचा पहिला थर. त्यात फक्त सर्वांत बारीक तपशील राहतो.

मग गुळगुळीत झालेल्या ओळीवर तीच सरासरी पुन्हा काढायची, पण या वेळी मधली एकेक जागा सोडून. तिसऱ्या फेरीत तीन-तीन जागा सोडून. फ्रेंचमध्ये या पद्धतीला 'आ त्रू' म्हणतात, म्हणजे 'भोकं असलेली'. दर फेरीला एक थर निघतो. पहिल्या थरात एक-दोन व्हॉक्सेलच्या गोष्टी येतात, दुसऱ्यात तीन-चारच्या, तिसऱ्यात साधारण सहा ते आठच्या. वाळू चाळताना एकाखाली एक चाळण्या लावाव्यात, तसंच हे. फरक इतकाच की इथे काहीही वाया जात नाही. सगळे थर आणि शेवटी उरलेली गुळगुळीत प्रतिमा यांची बेरीज केली की मूळ ठोकळा जसाच्या तसा परत मिळतो. त्रिमितीत हीच सरासरी आधी लांबीत, मग रुंदीत, मग खोलीत काढायची. त्यामुळे प्रत्येक व्हॉक्सेलमागे १२५ गुणाकारांऐवजी १५ पुरतात.

ज्यांना विषय माहीत आहे ते विचारतात की, जेपीईजी २००० या प्रतिमा साठवण्याच्या पद्धतीतलं वेव्हलेट रूपांतर का वापरत नाही? तिथे दर फेरीला प्रत्येक दिशेतले आकडे निम्मे केले जातात आणि ठोकळ्याचे आठ तुकडे पडतात. साठवणुकीसाठी ते उत्तमच. पण तीच पोकळी एका व्हॉक्सेलने सरकली तरी तिथले गुणांक, म्हणजे थरांतले आकडे, बदलतात, आणि वस्तू नुसती सरकली म्हणून निकाल बदलणं शोधकामात चालत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक थर पूर्ण आकाराचा ठेवतो. याची किंमत मेमरीत मोजावी लागते. १०२४ व्हॉक्सेल बाजूच्या ठोकळ्याचा एकेक थर ४ जीबीहून मोठा होतो. म्हणून आम्ही ठोकळ्याचे तुकडे करून काम करतो. पाच थरांसाठी फिल्टर ६२ व्हॉक्सेल दूरवर बघतो, त्यामुळे तुकड्यांची कड एकमेकांवर निदान तेवढी चढवावीच लागते. नाहीतर प्रत्येक सांध्यावर खोट्या खुणा उमटतात.

अख्खा ठोकळा का हवा, याचा हिशेब

आमच्या दृष्टीने या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

प्रत्येक व्हॉक्सेलमधला नॉइज शेजाऱ्यापासून स्वतंत्र आहे आणि त्याची पातळी, म्हणजे सिग्मा, करड्या रंगाच्या २० पायऱ्या आहे असं समजा. स्लाइस-स्लाइसवर वेव्हलेट चालवलं, तर तिसऱ्या थरात त्यातला सुमारे ८.६ टक्के नॉइज उरतो, म्हणजे १.७ पायऱ्या. तेच त्रिमितीत चालवलं, तर फक्त ३.५ टक्के उरतो, ०.७ पायऱ्या. आता या ठोकळ्यात आठ व्हॉक्सेल व्यासाची एक गोल पोकळी आहे, सभोवतालपेक्षा १० पायऱ्यांनी गडद. म्हणजे तिचा फरक नॉइजच्या निम्माच. डोळ्याला ती दिसणारच नाही. तिसऱ्या थरात तिच्या मध्यावर दोन्ही पद्धतींत जवळपास सारखाच, सुमारे ५ पायऱ्यांचा प्रतिसाद येतो. पण स्लाइसमध्ये तो नॉइजच्या तिप्पटही भरत नाही, आणि त्रिमितीत सातपट भरतो.

पोकळी तीच, स्कॅनही तोच. एका पद्धतीत ती हुलकावणी देते, दुसऱ्यात ठळक दिसते. म्हणूनच 'निवडक स्लाइस पाठवतो, त्यावरून सांगा' या विनंतीला आम्ही नकार देतो. त्यात तुमचंच नुकसान आहे.

प्रत्यक्ष सीटीमध्ये शेजारच्या व्हॉक्सेलचा नॉइज पूर्ण स्वतंत्र नसतो, कारण प्रतिमा बांधतानाच तो एकमेकांत मिसळतो. म्हणून वरच्या टक्केवाऱ्या आम्ही गृहीत धरत नाही. तुमच्या डेटाच्या प्रत्येक थरात नॉइज नव्याने मोजतो: गुणांकांची चिन्हं काढून त्यांचा मध्यक घ्यायचा आणि ०.६७४५ने भागायचं. मोजक्या ठळक वस्तूंमुळे हा आकडा बिघडत नाही, म्हणून साध्या प्रमाण विचलनापेक्षा आम्हाला तो भरवशाचा वाटतो. कमी प्रकाशात घेतलेल्या मायक्रोस्कोप प्रतिमांमध्ये नॉइज उजेडाबरोबर वाढतो. तिथे आधी अ‍ॅन्सकोम्ब यांचं वर्गमुळाचं रूपांतर करून घेतो, म्हणजे नॉइज सगळीकडे जवळपास सारखा होतो.

उंबरठा किती ठेवायचा

'तीन सिग्माच्या वर ते खरं' हा सवयीचा नियम आहे, पण त्रिमितीत तो घात करतो. नुसत्या नॉइजमध्येही एका बाजूला तीन सिग्मा ओलांडणारे व्हॉक्सेल ०.१३५ टक्के असतात. एका ५१२ × ५१२ स्लाइसमध्ये ते साडेतीनशेच्या आसपास भरतात. ५१२च्या ठोकळ्यात? एक लाख ऐंशी हजार. इतक्या खोट्या खुणांची यादी हातात पडली तर तिचं कोणी काय करणार? पाच सिग्मावर हाच आकडा चाळीसच्या आत येतो. म्हणून केवळ एका व्हॉक्सेलच्या बळावर उभी असलेली खूण आम्ही पाच सिग्माखाली स्वीकारत नाही. त्याहून कमी उंबरठा लावायचा असेल, तर शेजारचे ठरावीक व्हॉक्सेल एकसंध असावेत आणि लगतच्या थरातही तीच खूण असावी, अशी अट घालतो. उंबरठा तुम्हाला विचारूनच ठरतो. एक पोकळी सुटणं तुम्हाला जास्त महाग पडतं की दहा खोट्या पोकळ्या तपासणं, हे आमच्यापेक्षा तुम्हाला अधिक माहीत.

कुठे फसगत होते

सुरुवातीच्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. एका कास्टिंगच्या, म्हणजे धातू ओतून बनवलेल्या भागाच्या, स्कॅनमध्ये बारीक पोकळ्यांचा झुबका असल्याचं आम्ही कळवलं. ग्राहकाने तो भाग कापून, पॉलिश करून पाहिला; पोकळी एकही नव्हती. तिथे जड धातूचे कण होते, आणि त्यांच्याभोवती फिल्टरनेच उमटवलेली गडद कडी आम्ही पोकळ्या म्हणून मोजली होती. वरच्या उदाहरणातले ते उणे २० आणि उणे ५ आठवा: चकाकत्या कणाभोवती वेव्हलेट नेहमीच काळी कड सोडतं. तेव्हापासून आमच्या यादीतली प्रत्येक खूण मूळ, फिल्टर न केलेल्या ठोकळ्यावर परत नेऊन तपासली जाते. आतली सरासरी आणि भोवतालच्या कवचाची सरासरी यांत खरंच फरक असेल, तरच ती पुढे जाते.

वस्तूचा पृष्ठभागही असाच फसवतो. धातू संपून हवा सुरू होते तिथली उडी इतकी मोठी असते की तिच्यापुढे सगळ्या पोकळ्या फिक्या पडतात. म्हणून आधी वस्तूची सीमा आखून बाहेरची जागा कडेच्याच किमतींनी भरून घेतो. तरीही पृष्ठभागापासून दोन-तीन व्हॉक्सेलच्या आतल्या खुणांवर अहवालात वेगळी नोंद असते. ती नोंद दिसली तर त्या खुणेबद्दल आम्हाला जरूर विचारा.

भेगांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. हा फिल्टर सगळ्या दिशांना सारखा बघतो, म्हणजे तो गोलसर वस्तूंसाठी बनलेला आहे. एका व्हॉक्सेलइतकी पातळ पण लांबरुंद पसरलेली भेग पहिल्या थरात नॉइजखाली जाते आणि तिसऱ्या थरात जास्त उठून दिसते, कारण तिचा पसारा तिथे मदतीला येतो. तेव्हा भेग आहे हे कळतं, पण तिसऱ्या थरावरून तिची जाडी मोजली तर उत्तर चुकीचं येणार. जाडी हवी असेल तर दिशा ओळखणारा वेगळा फिल्टर लावावा लागतो. तसं आधीच सांगा, म्हणजे काम त्याच बेताने आखता येईल.

व्हॉक्सेल तिन्ही बाजूंनी सारखा नसेल, तर थरांचा अर्थ बदलतो. समजा तो ०.५ × ०.५ × १.५ मिलिमीटर आहे. मग ३ मिलिमीटरचा कण आडवा सहा व्हॉक्सेल आणि उभा दोनच व्हॉक्सेल भरतो. अशा वेळी उभ्या दिशेत आम्ही फेऱ्या कमी ठेवतो. तुमच्या फाइलमध्ये हे माप चुकीचं नोंदलेलं असेल, तर पुढचं सगळंच चुकतं.

आमच्याकडे काय पाठवायचं

मूळ १६-बिट डेटा पाठवा, टिफचा संच किंवा डायकॉम मालिका. ८-बिट केलेला नको. वरच्या उदाहरणातला १० पायऱ्यांचा फरक १६-बिटमधल्या हजारो पायऱ्यांपैकी असेल, तर ८-बिट करताना तो एका पायरीत गडप होऊ शकतो. जेपीईजी किंवा पडद्याचे फोटो तर मुळीच नकोत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्मूद' किंवा 'शार्पन' चालू असेल तर ते बंद करून डेटा काढा. एकदा गुळगुळीत झालेल्या ठोकळ्यातला नॉइज आम्हाला नीट मोजता येत नाही.

सोबत तिन्ही दिशांचं व्हॉक्सेलचं माप आणि शोधायच्या सर्वांत लहान वस्तूचा आकार मिलिमीटर किंवा मायक्रॉनमध्ये लिहा. हा आकार तीन व्हॉक्सेलहून कमी भरत असेल, तर आम्ही काम सुरू करण्याआधीच कळवू, कारण तिथे फिल्टर बदलून भागत नाही, स्कॅनच जास्त बारकाईने घ्यावा लागतो. आणि जमल्यास ठोकळ्याचा एखादा कोपरा, जिथे काय आहे हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे, तो खुणा करून द्या. त्याच कोपऱ्यावर आधी फिल्टर चालवून निकाल तुम्हाला दाखवतो. तुम्ही होकार दिलात की मगच उरलेला ठोकळा हाती घेतो.